निकोलाय रायेव्स्की

निकोलाय निकोलायेविच रायेव्स्की (२५ सप्टेंबर १७७१, सेंट पीटर्सबर्ग – २८ सप्टेंबर १८२९, बोल्तिश्का) हे नेपोलियनच्या काळातील एक नामवंत रशियन सेनापती होते. १८१२ च्या युद्धात साल्तानोव्का, स्मोलेन्स्क आणि बोरोदिनो येथे त्यांनी दिलेल्या झुंजींमुळे त्यांचे नाव रशियात सर्वतोमुखी झाले. पुढे १८२५ च्या डिसेंबर उठावात त्यांचे जावई आणि सावत्र भाऊ झारच्या विरोधकांत निघाले व आयुष्यभर राजनिष्ठ राहिलेल्या या सेनानीचे घर दुभंगले. (लेखातील तारखा ग्रेगोरियन कालगणनेनुसार आहेत.)

घराणे आणि पूर्वायुष्य

वडील निकोलाय सेम्योनोविच हे सैन्यात कर्नल होते. तुर्कांविरुद्धच्या युद्धकाळात, मुलाच्या जन्मापूर्वी काही महिनेच, यासी येथे त्यांचा मृत्यू झाला. आई येकातेरिना सामोयलोवा ही सम्राज्ञी कॅथरीनचा प्रबळ मंत्री पोत्योम्किन याची भाची. तिने पुढे लेव्ह दाविदोव्ह यांच्याशी पुनर्विवाह केला. या विवाहातून जन्मलेला वासिली दाविदोव्ह आणि दाविदोव्हांची कामेन्का येथील जहागीर यांचा उल्लेख पुढे येईल.

त्या काळच्या सरदारी रिवाजाप्रमाणे रायेव्स्कींचे नाव तिसऱ्या वर्षीच प्रेओब्राझेन्स्की पलटणीच्या पटावर चढले. वडीलबंधू अलेक्झांडर १७९० मध्ये इझमाइलच्या किल्ल्यावरील हल्ल्यात मारला गेला. १७९४ मध्ये रायेव्स्कींचा विवाह सोफिया कोन्स्तान्तिनोवा हिच्याशी झाला. ती थोर शास्त्रज्ञ व कवी मिखाइल लोमोनोसोव्ह यांची नात. झार पॉलच्या लहरीमुळे १७९७ मध्ये रायेव्स्कींना सैन्यातून काढण्यात आले. पुढची दहा वर्षे, मध्यंतरीचा अल्पकाळ वगळता, त्यांनी जहागिरीवर शेती पाहण्यात आणि मुले वाढवण्यात घालवली. १८०७ मध्ये ते पुन्हा रणांगणावर आले.

साल्तानोव्का : आख्यायिका आणि वस्तुस्थिती

१८१२ मध्ये रायेव्स्की हे बाग्रातिओनच्या दुसऱ्या सैन्यातील सातव्या पायदळ कोअरचे प्रमुख होते. २३ जुलै रोजी मोगिल्योव्हजवळील साल्तानोव्का येथे त्यांनी मार्शल दावूच्या फौजेवर हल्ला चढवला. वाट मोकळी झाली नाही. पण रशियनांचे मुख्य सैन्य याच मार्गाने येणार असा दावूचा समज झाला. तेवढ्या अवधीत बाग्रातिओनने दक्षिणेकडे नीपर नदी ओलांडून स्मोलेन्स्कची वाट धरली.

या लढाईतून एक कथा जन्मली. सैनिक डगमगताना पाहून रायेव्स्की आपल्या दोन्ही मुलांना हाताशी धरून बांधावर सर्वांच्या पुढे चालू लागले, अशी ही कथा. थोरला अलेक्झांडर तेव्हा सोळा वर्षांचा, धाकटा निकोलाय अवघ्या दहा वर्षांचा. कवी झुकोव्स्कीने त्याच वर्षी तिला काव्यात स्थान दिले, तिची चित्रे छापली गेली आणि शतकानंतर सामोकिशनेही हा प्रसंग रंगवला. रायेव्स्कींनी मात्र तिला कधी दुजोरा दिला नाही. त्यांचा सहायक असलेला कवी बात्युश्कोव्ह याने त्यांच्याशी झालेले संभाषण टिपून ठेवले आहे. त्यानुसार हल्ल्याच्या क्षणी मुले बांधावर नव्हती. धाकटा जवळच्या रानात बोरांसारखी फळे वेचत होता आणि तिथेच एक गोळी त्याच्या विजारीला भोक पाडून गेली. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मध्ये ही कथा ऐकणारा तरुण अधिकारी मनातून तिच्यावर विश्वास ठेवत नाही, हेही लक्षणीय आहे.

मुले त्या दिवशी गोळीच्या टप्प्यात होती, एवढे मात्र खरे. आजच्या वाचकाला हा बाप कठोर वाटेल. पण स्वतःचे वडील आणि भाऊ युद्धकाळात गमावलेल्या या माणसाला मुलांसाठी दुसरी वाट ठाऊक नसावी. आयती चालून आलेली कीर्ती त्यांनी नाकारली, हे प्रस्तुत लेखकाला बांधावरच्या पराक्रमाहून मोठे वाटते.

स्मोलेन्स्क ते पॅरिस

ऑगस्टमध्ये स्मोलेन्स्क येथे सुमारे १५ हजार सैनिकांनिशी त्यांनी नेपोलियनच्या मुख्य सैन्याला दिवसभर थोपवले. त्यामुळे दोन्ही रशियन सैन्यांना शहराशी येऊन पोहोचता आले. ७ सप्टेंबर रोजी बोरोदिनोच्या मध्यभागी असलेला तोफांचा मोर्चा त्यांच्या कोअरकडे होता. इतिहासात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काही दिवसांपूर्वी संगिनीने त्यांच्या पायाला इजा झाली होती आणि त्या दिवशी ते प्रथमच घोड्यावर बसले होते. मोर्चा एकदा फ्रेंचांच्या हाती गेला, येर्मोलोव्हने तो परत घेतला आणि दुपारी तो अखेर पडला. लढाई थांबली तेव्हा रायेव्स्कींना आपल्या कोअरचे जेमतेम सातशे सैनिक गोळा करता आले. फिली येथील युद्धमंडळात त्यांनी मॉस्को सोडण्याच्या बाजूने मत दिले. १८१३ मध्ये लाइपझिग येथे छातीत गोळी लागली. १८१४ मध्ये पॅरिसच्या लढाईत ते पुन्हा हजर होते.

पुश्किन आणि कुटुंब

युद्धानंतर रायेव्स्की कीव येथे राहिले. १८२० मध्ये सहकुटुंब कॉकेशसला जाताना येकातेरिनोस्लाव येथे तापाने आजारी पडलेला तरुण पुश्किन त्यांना भेटला. त्यांनी त्याला सोबत घेतले. क्रिमियातील गुर्झुफ येथे या कुटुंबात काढलेले दिवस कवीने सदैव आनंदाचे मानले. ‘कॉकेशसचा कैदी’ हे काव्य त्याने धाकट्या निकोलायला अर्पण केले.

डिसेंबर उठावानंतर

१८२५ च्या उठावामागील दक्षिणी संघटनेची एक शाखा आईच्या कामेन्का येथेच चालत असे. वासिली दाविदोव्ह तिच्या पुढाऱ्यांपैकी होता. थोरल्या येकातेरिनाचे पती मिखाइल ओर्लोव्ह यांना अटक झाली. भाऊ अलेक्सेईच्या रदबदलीमुळे ते हद्दपारीवर सुटले. रायेव्स्कींचे दोन्ही मुलगेही पकडले गेले, पण निर्दोष ठरले. सर्वांत मोठा आघात मारियामुळे झाला. विशीही न गाठलेल्या या मुलीचा विवाह जानेवारी १८२५ मध्ये राजपुत्र सेर्गेई वोल्कोन्स्की यांच्याशी झाला होता. त्यांना सैबेरियात सक्तमजुरीची शिक्षा झाली.

पतीच्या मागे सैबेरियात जाणाऱ्या पत्नीला सरदारकीचे हक्क सोडावे लागत, मूल मागे ठेवावे लागे आणि परतीची हमी नसे. मारियाचा मुलगा एक वर्षाचाही नव्हता. वर्षभरात परत आली नाहीस तर शाप देईन, असे वडिलांनी तिला बजावले. १८२६-२७ च्या हिवाळ्यात ती निघाली. ब्लागोदात्स्कच्या खाणीत पतीला भेटताच तिने गुडघे टेकून आधी त्याच्या पायातील बेड्यांचे चुंबन घेतले. जानेवारी १८२८ मध्ये मागे राहिलेले बाळ वारले. त्याच्या थडग्यासाठी पुश्किनने ओळी लिहिल्या. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही.

१८२६ मध्ये नव्या झारने रायेव्स्कींना राज्य परिषदेचे सदस्य केले होते. पण घरच्या दुःखाने आणि कर्जाने ते खचले होते. आजच्या युक्रेनमधील बोल्तिश्का येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीला निवृत्तिवेतन मिळावे म्हणून पुश्किनने सरकारदरबारी अर्ज केला व तो मान्य झाला. मारिया सुमारे तीस वर्षांनी सैबेरियातून परतली. तिने फ्रेंच भाषेत लिहिलेल्या आठवणींच्या आधारे नेक्रासोव्हने ‘रशियन स्त्रिया’ या काव्याचा एक भाग रचला. रानात फळे वेचणारा निकोलाय पुढे सेनापती झाला आणि १८३८ मध्ये नोवोरोसिस्क शहराच्या संस्थापकांपैकी एक ठरला. त्याचाच मुलगा, तोही निकोलाय, १८७६ मध्ये तुर्कांविरुद्ध लढताना सर्बियात मारला गेला.