जेफ रास्किन

जेफ रास्किन (जन्म : न्यू यॉर्क, ९ मार्च १९४३, मृत्यू : पॅसिफिका, कॅलिफोर्निया, २६ फेब्रुवारी २००५) हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ व लेखक होते. ॲपल कंपनीतील मॅकिंटॉश प्रकल्प त्यांनी सुरू केला. संगणकाने वापरकर्त्यापुढे ॲप्लिकेशन नव्हे, तर थेट त्याचे काम ठेवावे, हे त्यांच्या विचारांचे मुख्य सूत्र होते.

सुरुवातीचा काळ

रास्किन यांनी स्टोनी ब्रूक येथे गणित व भौतिकशास्त्राचे, तर पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९७८ मध्ये ते ॲपलमध्ये रुजू झाले.

मॅकिंटॉश

सर्वसामान्यांना परवडेल आणि सहज वापरता येईल अशा संगणकाचा प्रकल्प त्यांनी १९७९ मध्ये हाती घेतला व त्याला आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीचे नाव दिले. १९८१ मध्ये प्रकल्पाची सूत्रे स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडे गेली. मतभेदांमुळे रास्किन यांनी १९८२ मध्ये कंपनी सोडली. १९८४ मध्ये बाजारात आलेला मॅकिंटॉश त्यांच्या मूळ आराखड्याहून बराच वेगळा होता. त्यात प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार आणि ती तयार करणारे ॲप्लिकेशन यांची खूण साठवलेली असे. फाइलच्या चिन्हावर माउसने दोनदा क्लिक करताच संगणक त्या खुणेवरून योग्य ॲप्लिकेशन सुरू करी व त्यात ती फाइल उघडे.

कॅनन कॅट

ॲप्लिकेशन सुरू करण्याची ही मधली पायरीच रास्किन यांना अनावश्यक वाटत असे. इन्फर्मेशन अप्लायन्स ही कंपनी स्थापून त्यांनी घडवलेला कॅट हा संगणक कॅनन कंपनीने १९८७ मध्ये विक्रीस आणला. त्यात माउस नव्हता, चिन्हे नव्हती आणि स्वतंत्र ॲप्लिकेशनेही नव्हती. सर्व मजकूर सलग साठवला जाई. संगणक सुरू करताच, काम जेथे थांबवले होते तोच भाग पडद्यावर दिसे. 'लीप' ही कळ दाबून धरून हव्या त्या मजकुरातील काही अक्षरे टंकित केली की कर्सर तेथे पोहोचे. तथापि कॅननने अल्पावधीतच कॅटचे उत्पादन थांबवले.

लेखन व वारसा

२००० मध्ये रास्किन यांचा 'द ह्यूमेन इंटरफेस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील तत्त्वांवर आधारलेली 'आर्ची' ही प्रणाली त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली. २०११ मध्ये ॲपलच्या 'लायन' या कार्यप्रणालीत, ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करताच आधीचे दस्तऐवज होते त्याच स्थितीत उघडण्याची सोय आली. ॲप्लिकेशने मात्र कायम राहिली.