संत थॉमस अक्वायनस : न्याय आणि समाजहिताचे आचार्य

२८ जानेवारी हा संत थॉमस अक्वायनस यांचा सण. विद्यार्थ्यांचे आश्रयदाते म्हणून ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशात राहणाऱ्या आम्हांला मात्र त्यांची न्यायविषयक शिकवण विशेष जवळची वाटते.

थॉमस यांचा जन्म सन १२२५ च्या सुमारास इटलीतील रोक्कासेक्का येथे सरदार घराण्यात झाला. बालपणीच त्यांना मोंते कास्सिनोच्या मठात ठेवण्यात आले. मुलाने पुढे मठाधिपती व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु नेपल्स येथे शिकत असता, १२४४ च्या सुमारास, त्यांनी भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात प्रवेश केला. संतप्त भावांनी त्यांना वाटेत पकडून सुमारे वर्षभर घरच्या गढीत डांबले, तरी ते डगमगले नाहीत. पुढे संत आल्बर्ट यांच्याकडे शिकताना त्यांच्या अबोल स्वभावामुळे सहाध्यायी त्यांना मुका बैल म्हणत. तोच अबोल विद्यार्थी १२५६ मध्ये पॅरिस विद्यापीठात आचार्य झाला.

सुम्मा थिओलॉजिका या महाग्रंथात त्यांनी व्यक्तीला साऱ्या सृष्टीत श्रेष्ठ स्थान दिले. ज्याचे त्याला देण्याचा अढळ निश्चय म्हणजे न्याय, आणि समाजहितासाठी विवेकाने केलेला नियम म्हणजे कायदा, असे त्यांनी मांडले. अन्याय्य कायदा त्यांच्या मते खरा कायदाच नव्हे. संपत्ती खासगी असली तरी तिचा उपयोग सर्वांच्या गरजेसाठी व्हावा. जीव वाचवण्यासाठी निरुपायाने घेतलेले अन्न ही चोरी ठरत नाही, असेही त्यांनी शिकवले.

६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा अर्पण करताना त्यांना गूढ अनुभव आला. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि तो ग्रंथ अपूर्णच राहिला. ल्योंच्या धर्मपरिषदेस जात असता ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोव्हाच्या मठात त्यांचे निधन झाले. १३२३ साली ते संत व १५६७ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित झाले.

हे विचार केवळ ग्रंथातले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणाऱ्या आदिवासींना १९२७ च्या वन कायद्याखाली त्याच जंगलात परके व्हावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो ऐतिहासिक अन्याय मान्य केला. त्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तर २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्याचे त्याला मिळाले.

आमच्या परिसरात अद्याप कोणाचे काय देणे राहिले आहे, हा प्रश्न या सणाच्या दिवशी आपण स्वतःला विचारू या.