वालचंद हिराचंद आणि मामांची फियाट

पिशोरला माझ्या मामांकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांशेजारी उभी होती आणि मामा तिला भंगारात द्यायला निघाले होते. कारण काय, तर गाडी ऑइल खाते. एका मेस्त्रीने सांगून टाकलं होतं की रिंगा गेल्या, इंजिनचं पूर्ण काम काढावं लागेल.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हटल्यावर मामांनी मलाच विचारलं. मला काही सांगता येईना. उत्तर शोधता शोधता आधी वाचनात आला तो ही गाडी ज्या कंपनीची, तिचा संस्थापक. शेठ वालचंद हिराचंद. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण माणूस माहीत नसतो. निदान मला नव्हता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळ सौराष्ट्रातलं, गुजराती जैन, सोलापूर भागात स्थिरावलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचा सावकारीचा आणि कापसाचा व्यवसाय होता. कॉलेजचं शिक्षण मुंबईत आणि पुण्यात झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात मन रमेना. तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. सावकाराचा मुलगा मातीकामाच्या ठेक्यावर उभा राहिला, हे त्या काळात जगावेगळंच होतं. पुढे याच माणसाने बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांची कामं केली. आज मुंबई–पुणे प्रवासात आपण त्या घाटातून जातो तेव्हा खिडकीतून फक्त धबधबे बघतो!

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीला बुडवायचा प्रयत्न केला, तरी कंपनी टिकली. दरम्यान इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि मालेगावजवळ रावळगाव इथे त्यांचे साखर कारखाने उभे राहिले. लहानपणी आपण जे रावळगाव चॉकलेट खाल्लं, ते या गावचं.

मोटारीचं स्वप्न मात्र सर्वांत जास्त रखडलं. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. त्यासाठी ते १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. परतीच्या विमानप्रवासात विमान उद्योगातल्या विल्यम पॉली यांची गाठ पडली आणि त्यातून १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजचं एचएएल. गेले मोटारीसाठी आणि आले विमान घेऊन! १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. मोटारीसाठी क्रायस्लरशी करार झाला होता, पण महायुद्ध सुरू होतं आणि सरकार या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानायला तयार नव्हतं. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. फियाट ११०० चं उत्पादन सुरू झालं १९५४ मध्ये. तिचीच पुढची आवृत्ती सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे ज्या गाडीने त्यांची कंपनी घराघरांत पोहोचली, ती गाडी त्यांनी पाहिलीच नाही. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.

हे वाचलं आणि मी थांबलो. कारखाना बंद पडल्यावरही वीस-बावीस वर्षं त्या गाड्या कोणी चालवल्या? टॅक्सीवाल्यांनी आणि मेस्त्रींनी. रोज सकाळी बॉनेट उघडून डिपस्टिक बघणाऱ्यांनी. उभं करणारा एक असतो, चालतं ठेवणारे हजारो असतात. मग मामांची गाडी न तपासताच भंगारात का जावी?

सुट्टी संपायच्या आत आम्ही कामाला लागलो. जुनी गाडी ऑइल दोनच वाटांनी घालवते. एक तर गळते, नाहीतर जाळते. रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी दोन-चार थेंब होते, म्हणजे गळती किरकोळ. मग वही केली. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून बघायची आणि किती ऑइल टाकलं ते किलोमीटरसह लिहायचं. ५०० किलोमीटरला ३०० मिली लागलं, म्हणजे हजाराला ६०० मिली. नव्या इंजिनाला हे जास्तच, पण एवढ्या जुन्या इंजिनाला मरणपंथाला लागलेलं म्हणण्याइतकं नक्कीच नाही.

आता जळतं कुठून? इथे धूर बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तोही कधी येतो ते बघायचं. चढावर जोर लावताना आला तर संशय रिंगांवर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारताच एक भपकारा आला, किंवा उतार उतरून पुन्हा ॲक्सिलेटर दाबताच आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर. उतारावर थ्रॉटल बंद असतं, मॅनिफोल्डमधली पोकळी वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून ऑइल आत ओढलं जातं. आम्ही गाडी कन्नडवरून औट्रम घाटात नेली. चढताना धूर नाही. उतरून खाली आलो, ॲक्सिलेटर दाबला आणि मागे निळा ढग!

कॉम्प्रेशन गेज मागून आणलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तरी फारसे वाढले नाहीत. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब चढला असता. ऑइल खरवडणाऱ्या खालच्या रिंगेबद्दल ही चाचणी फार काही सांगत नाही, पण धुराशी जोडून पाहिलं तर उत्तर एकच येत होतं. इंजिन बोअर करायची गरज नव्हती. हेड उतरवून गाइड आणि सील बदलले की झालं.

एक गोष्ट मात्र मामांची चुकलीच होती. चार वर्षांत त्यांनी ऑइल बदललंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, मी दर आठवड्याला नवीन टाकतोच की! आपल्यातल्याही बऱ्याच जणांना हे पटेल. पण वरून टाकणं आणि बदलणं यात फरक आहे. जळतं ते ऑइल, काजळी मागेच राहते. न जळलेलं पेट्रोल, पाण्याचा अंश, आम्लं, धातूची कीस हे सगळं चेंबरमध्ये साठत जातं. नवीन ऑइलमधली रसायनं त्याच घाणीशी लढण्यात संपतात. ड्रेन नट खोलला तेव्हा डांबर बाहेर यावं तसं ऑइल आलं. इंजिन गरम असताना सोडलं म्हणून निदान आलं तरी. भरताना २०डब्ल्यू-५० घेतलं आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ दिलं नाही, कारण जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो. जळकं ऑइल विहिरीजवळ ओतायचं नाही, हेही मामांना सांगितलं. ते त्यांनी कॅनमध्ये भरून मेस्त्रीकडे परत दिलं.

हेडचं काम कन्नडला झालं. आता मामांची वही हजार किलोमीटरला १०० मिली दाखवते. परवा त्यांनी फोनवर सांगितलं की भंगारवाला पुन्हा येऊन गेला आणि चहा पिऊन परत गेला.

वालचंदांना बोट, विमान आणि मोटार या तिन्हींसाठी आधी नाही ऐकावं लागलं. दर वेळी त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, मोजलं आणि मगच मानलं किंवा नाकारलं. आपल्यातले फार थोडे जण कारखाने काढतील. पण कोणी एखादं यंत्र निकामी ठरवलं, तर सही करण्याआधी डिपस्टिक ओढून बघणं आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. व्हायवाला हा प्रश्न येणार नाही, पण गावी गेल्यावर मामा नक्की विचारतील!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी