साहेबमामा फत्तेलाल

कोल्हापूरजवळच्या कागल गावी १८८६ साली शेख फत्तेलाल यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकलेची ओढ होती. पण चित्रपटाची कला शिकवणारी शाळा त्या काळी आपल्या देशात नव्हती. ज्याला शिकायचे असेल, त्याने एखाद्या उस्तादाच्या हाताखाली राबायचे, हीच रीत होती.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, नदीकाठ असे मोठमोठे देखावे ते कापडावर उभे करत. फत्तेलाल त्यांचे शागीर्द झाले. बाबुराव १८९० साली जन्मलेले, म्हणजे फत्तेलालांपेक्षा चार वर्षांनी लहान! आपल्याहून लहान माणसाला गुरू मानणे सर्वांनाच जमत नाही. फत्तेलालांना ते जमले.

पुढे या भावांना चित्रपटाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा फार महाग होता. तेव्हा कॅमेरा आपणच बनवावा, असे त्यांनी ठरवले. इतक्यात १९१६ साली आनंदराव वारले. आता सारे संपले असेच कोणालाही वाटले असते. परंतु बाबुरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या दुसऱ्या शिष्याचे यंत्रांवर विलक्षण प्रेम होते. त्यांच्या मदतीने १९१८ साली कॅमेरा तयार झाला. त्याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' हा मूकपट काढला. तो १९२० साली लोकांसमोर आला.

या कंपनीत अमुक काम माझे आणि तमुक तुझे, असा हिशेब नव्हता. फत्तेलालांनी देखावे उभारले, चित्रे काढली, कॅमेराही चालवला. याच सुमारास शांताराम नावाचा एक मुलगा तेथे बिनपगारी कामाला लागला. तेच पुढे व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्ध झाले. १९२८ साली दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून 'महारथी कर्ण' हा चित्रपट दिग्दर्शित केला.

इतक्या वर्षांनंतर गुरूचे घर सोडणे सोपे नसते. तरीही १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तेथे देखाव्यांची बाजू फत्तेलाल सांभाळत. दामले यंत्रे आणि ध्वनिमुद्रण पाहत. लोक एकाला दामलेमामा म्हणत, तर दुसऱ्याला साहेबमामा.

१९३६ साली या दोघांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तुकारामांचे साधे घर आणि त्यांचे गाव पडद्यावर इतके खरे उतरले, की प्रेक्षक देहूलाच जाऊन आल्यासारखे घरी परतत. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशात सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांपैकी तो एक होय.

दामले १९४५ साली वारले. जोडी फुटली. १९५३ साली प्रभातही बंद पडली आणि १९६४ साली साहेबमामांचे निधन झाले. मात्र त्याआधीच, १९६० साली, पुण्यातील प्रभातच्या त्याच जागेत सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली होती. दूरदूरची मुले आजही कॅमेरा, देखावे आणि ध्वनी यांचे काम शिकायला तेथे येतात.