क्लारा बार्टन आणि सहा मुलांची देणगी

महापूर, भूकंप किंवा दुष्काळ ह्यांची वार्ता आली म्हणजे शाळाशाळांतून वर्गणीची पेटी फिरू लागते. कोणी खाऊचे पैसे टाकतो, कोणी वडिलांकडून मागून आणतो. परंतु आपल्या एवढ्याशा पैशाने कोणाचे काय भागणार, असे पुष्कळ मुलांस मनातून वाटत असते. अशा मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी आम्ही येथे अमेरिकेतील थोर परोपकारी स्त्री क्लारा बार्टन ह्यांचे चरित्र थोडक्यात देत आहो.

क्लाराबाईंचा जन्म 25 डिसेंबर 1821 रोजी, ऐन नाताळाच्या दिवशी, मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थ ऑक्सफर्ड ह्या गावी झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या असून स्वभावाने फार लाजाळू होत्या. त्या अकरा वर्षांच्या असता त्यांचे वडीलबंधू डेव्हिड उंचावरून पडून अंथरुणास खिळले. ह्या लहानग्या बहिणीने सुमारे दोन वर्षे त्यांची शुश्रूषा केली. दुसऱ्याच्या कामी येताना आपला भिडस्तपणा गळून पडतो, हा अनुभव त्यांस तेव्हाच आला.

पुढे त्या शिक्षिका झाल्या. 1852 साली न्यू जर्सी प्रांतातील बॉर्डनटाउन येथे, फी देण्याची ऐपत नसलेली मुले रस्त्यांतून भटकताना पाहून त्यांनी मोफत शाळा काढली व आरंभी वेतनही घेतले नाही. पहिल्या दिवशी सहाच मुले आली. पण थोड्याच काळात ती संख्या शेकड्यांवर गेली. तेव्हा चालकांनी शाळेसाठी नवी इमारत बांधली आणि मुख्याध्यापकाच्या जागी अधिक वेतन देऊन एका पुरुषाची नेमणूक केली! हा अन्याय सहन न होऊन बाईंनी ती शाळा सोडली.

1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. बाईंनी औषधे, पट्ट्या व अन्न ह्यांच्या गाड्या भरून थेट रणभूमी गाठली. युद्ध संपल्यावर, बेपत्ता शिपायांच्या आईबापांची हजारो पत्रे वाचून त्यांनी वीस हजारांहून अधिक जणांचा ठावठिकाणा लावून दिला. 1869 मध्ये त्या युरोपात गेल्या. तेथे जिनिव्हा शहरी त्यांस रेड क्रॉस संस्थेची माहिती मिळाली. स्वदेशी परतून त्यांनी मोठ्या खटपटीने 1881 साली अमेरिकन रेड क्रॉस संस्था स्थापन केली. युद्धाप्रमाणेच शांततेच्या काळातील नैसर्गिक आपत्तींतही ह्या संस्थेने धावून गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्या आग्रहाची कसोटी 1884 साली लागली. ओहायो व मिसिसिपी ह्या नद्यांस प्रचंड पूर येऊन काठची गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. बाईंनी आगबोट भाड्याने घेऊन तीत कपडे, धान्य व इतर सामान भरले आणि त्या काठोकाठ मदत वाटीत चालल्या. हे काम सुमारे चार महिने चालले होते.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया प्रांतातील वॉटरफर्ड ह्या गावच्या सहा मुलांनी पूरग्रस्तांसाठी काही करावयाचे ठरविले. त्यांनी करमणुकीचा एक लहानसा कार्यक्रम बसविला, लोकांस बोलाविले आणि 51 डॉलर 25 सेंट जमविले. ही रक्कम त्यांनी एका वृत्तपत्राच्या संपादकाकडे दिली व त्याने ती क्लाराबाईंकडे धाडली. हजारो डॉलरांच्या मदतीत ती सहज मिसळून गेली असती. परंतु बाईंनी ती वेगळी ठेवली. मुलांनी श्रमाने मिळविलेले हे धन योग्य घरीच पोहोचले पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

पुढे ओहायोच्या काठी त्यांस एक विधवा भेटली. पती निवर्तलेला, घर पुराने व वादळाने नष्ट झालेले. ती बिचारी आपल्या मुलांसह मक्याची कणसे साठविण्याच्या खोपीत दिवस काढीत होती. तिची मुलेही सहाच होती. बाईंस आपला शोध संपला असे वाटले. त्यांनी सहा मुलांची देणगी त्या सहा मुलांच्या आईच्या हाती ठेविली. तिचे घर पुन्हा उभे राहिले व त्या ठिकाणास ‘लिटल सिक्स’, म्हणजे ‘छोटे सहा’, असे नाव मिळाले.

पुढे 1889 साली जॉन्सटाउन येथे धरण फुटून 2,209 माणसे दगावली, तेव्हा बाई तेथे सुमारे पाच महिने राहिल्या. 1900 साली गॅल्व्हेस्टन येथील वादळपीडितांकडे त्या धावून गेल्या, तेव्हा त्यांचे वय 78 वर्षांचे होते! तथापि एक गोष्ट सांगणे आम्हांस उचित वाटते. बाईंच्या हिशेब ठेवण्याच्या रीतीवर उतारवयात कडक टीका झाली व चौकशीही झाली. अपहार सिद्ध झाला नाही. परंतु 1904 साली त्यांनी संस्थेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. 12 एप्रिल 1912 रोजी त्यांचे देहावसान झाले.

ह्या चरित्रापासून आम्ही शिक्षकांनी, पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? मागून आणलेल्या पैशापेक्षा, नाटुकले करून, हस्तकलेच्या वस्तू विकून किंवा खाऊ सोडून जमविलेला पैसा मुलांच्या हृदयास अधिक जवळचा असतो. म्हणून तो स्वीकारणाऱ्यांची जबाबदारीही मोठी असते. अंतःकरण कितीही निर्मळ असले तरी पै-पैचा हिशेब चोख हवा. आणि आपली मदत कोठे पोहोचली हे मुलांस सांगितलेच पाहिजे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे दान प्रभू येशूने गर्दीतून ओळखले. क्लाराबाईंनीही सहा मुलांचे दान ढिगात हरवू दिले नाही. पुढील वेळी वर्गात पेटी फिरेल तेव्हा, तीत पडणारे प्रत्येक नाणे कोणाचे तरी छप्पर होऊ शकते, हे आम्ही सर्वांनी ध्यानात ठेवावे.