घाट उतरवणारा माणूस : क्लेसी कमिन्स

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांना समोरून उतरणारे अवजड मालट्रक नेहमीच भेटतात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत ही वर्दळ अधिकच जाणवते. चढणाऱ्या ट्रकचे श्रम डोळ्यांना दिसतात. खरा धोका मात्र उताराचा असतो. ब्रेक सतत दाबून धरला की लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. हा धोका स्वतः अनुभवून त्यावरील उपायाचा विचार पाव शतक मनात वागवणारा यंत्रज्ञ म्हणजे क्लेसी लाइल कमिन्स. पुण्यात हे नाव कारखान्यामुळे आणि मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे सर्वांच्या तोंडी आहे. माणूस मात्र अपरिचितच राहिला.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात २७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत. कोलंबस गावातील सावकार विल्यम ग्लँटन आयर्विन यांच्याकडे ते मोटारचालक म्हणून लागले आणि याच धन्याच्या भांडवलावर १९१९ साली त्यांनी इंजिनांचा कारखाना काढला. नफ्याचे तोंड पाहायला मात्र १९३७ साल उजाडावे लागले. आयर्विन यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी!

डिझेल इंजिन म्हणजे बोटीत किंवा कारखान्यात बसवायचे धूड, अशी त्या काळी समजूत होती. कमिन्स यांनी १९२९ च्या नाताळात एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि धन्याला फेरफटका मारून आणला. १९३१ च्या इंडियानापोलिस शर्यतीत त्यांची डिझेल गाडी पाचशे मैल एकदाही न थांबता धावली व तेरावी आली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अशी डिझेल ट्रकची सफर त्यांनी काढली. कॅलिफोर्नियातील कॅहॉन खिंड उतरताना ब्रेक निकामी होत गेले. ट्रकने वेग घेतला. पायथ्याशी रेल्वेचे रूळ रस्त्याला आडवे होते आणि त्यांवरून मालगाडी चालली होती. शेवटचा डबा जेमतेम पुढे सरकला आणि ट्रक रूळ ओलांडून गेला. क्षणाचाही फरक पडला असता, तर कमिन्स यांचे चरित्र तिथेच संपले असते.

मूळ अडचण डिझेल इंजिनाच्या रचनेतच होती. पेट्रोल गाडीत पाय उचलला की हवेची वाट आवळली जाते आणि इंजिनच गाडीला मागे ओढते. डिझेल इंजिन हवा मोकळेपणी घेते. ती दाबण्यात खर्च झालेली शक्ती दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दट्ट्याला परत देते, त्यामुळे अडवणूक फारशी होत नाही. धूर जाण्याच्या नळीत झडप लावून ती बंद करायची, हा एक उपाय. आपल्याकडच्या ट्रकचालकांच्या परिचयाचा एक्झॉस्ट ब्रेक तो हाच. कमिन्स यांनी निराळा मार्ग धरला. दट्ट्या वर पोहोचताच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून दाबलेली हवा सोडून द्यायची, म्हणजे स्प्रिंग उलगडण्यापूर्वीच निकामी होते. नेमक्या त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडणार कसा? स्वतःच्याच इंजिनात इंधन फवारणारी कळ त्याच वेळी हलते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या हालचालीवरच त्यांनी व्हॉल्व्ह चालवला. तोवर ते कंपनीतून निवृत्त झाले होते आणि वय सत्तरीकडे झुकले होते. इंजिन बनवणाऱ्यांनी रस दाखवला नाही. अखेर ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आणला. ट्रकवाल्यांच्या भाषेत तो 'जेक ब्रेक' झाला. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली, तेव्हा कमिन्स हयात होते. १७ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वयंचलित गिअरच्या ट्रकांत या कल्पनेपुढे नवाच पेच उभा राहिला. तेथे इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातील लॉकअप क्लच सुटला की इंजिनाची अडवणूक चाकांपर्यंत धड पोहोचत नाही. म्हणून इंजिन ब्रेक असो वा एक्झॉस्ट ब्रेक, तो चालू होताच गिअरपेटीने लॉकअप धरून ठेवावा आणि खालचा गिअर घ्यावा, अशी जोडणी करावी लागते. इंजिनाचे फेरे चढे राहिले तरच अडवणूक जोरदार होते. अर्थात ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देता. वेग फार उतरला की लॉकअप सुटतो आणि तिथून पुढे ट्रक आवरायला पायाचाच ब्रेक लागतो. उतार लागण्याआधीच वेग कमी करून घेणारा चालक म्हणूनच तो ब्रेक थंड राखून घाट उतरतो. ओल्या, निसरड्या रस्त्यावर मात्र तो इंजिनाचा ब्रेक बंदच ठेवतो, कारण त्याचा सारा जोर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो आणि ती घसरू लागतात.