रामेश्वर भट : चूक कबूल करणारा पंडित

तुकोबांची आरती तुम्ही ऐकली असेल. आमच्या उमरेडकडेही भजनात ती म्हणतात. पण ती कोणी लिहिली, असं विचारलं तर वर्गात सगळे गप्प! ती रचली रामेश्वर भटांनी. आणि तुकोबांना अभंग नदीत बुडवायला लावणारेही तेच.

ही गोष्ट 17 व्या शतकातली. रामेश्वर भट पुण्याजवळच्या वाघोलीचे. वेदशास्त्र जाणणारे मोठे पंडित. त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याच काळात देहूचे तुकाराम महाराज वेदान्ताचा अर्थ सोप्या मराठीत सांगत होते. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाने धर्म सांगावा, हे भटांना पटलं नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवा, असं त्यांनी सांगितलं. तुकोबांनी वह्या बुडवल्या आणि नदीकाठी उपाशी बसून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे.

पुढे भटांच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि तुकोबांच्या अभंगाने तो शमला, असं महिपतींनी लिहिलंय. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. इतका मानाचा पंडित तुकोबांचा शिष्य झाला. आरती रचून तिच्या शेवटी स्वतःचं नाव घालून तुकोबांच्या पायी नमला.

आता दुसरं उदाहरण बघा. 1692 साली अमेरिकेतल्या सेलम इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिली. बोस्टनचे धर्मगुरू कॉटन मॅदर हेही मोठे विद्वान होते. पण त्यांनी त्या खटल्यांची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. खटल्यातले एक न्यायाधीश सॅम्युअल सेवल यांनी मात्र 1697 मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपली चूक मान्य केली. पण तोवर उशीर झाला होता. आपले अभंग वाचले, ती माणसं नाही वाचली.

म्हणून शिक्षणासोबत दोन गोष्टी हव्यात. आरोप करण्याआधी खात्री, आणि चुकलं तर कबूल करायची हिंमत. वर्गात पेन हरवला की आपण लगेच कोणाचं तरी नाव घेतो. पेन नंतर स्वतःच्याच दप्तरात सापडतो. तेव्हा गुपचूप बसू नका. ज्याचं नाव घेतलं, त्याची माफी सगळ्यांसमोर मागा.